११४ सामने, एक ट्राय

प्रश्न : नातवामुळे टीव्हीवर रग्बी बघायला लागलो. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला झालेले सात-सात जणांचे सामने आधी पाहिले, मग परदेशातले पंधरा-पंधरा जणांचे. या पंधरांत आठ गडी अंगापिंडानं वेगळेच दिसतात. सारखे एकमेकांत डोकी घालून रेटारेटी करतात, माणसांच्या ढिगाखाली जातात, चिखलानं माखून उठतात. गुण मात्र भलताच कुणीतरी सडपातळ गडी घेऊन जातो. नातू म्हणतो, यांना फॉरवर्ड म्हणतात आणि यांना पगार असतो. तर या नोकरीत नेमकं काम काय? ती मिळते कशी, टिकते किती वर्षं आणि सुटल्यावर माणसाचं काय होतं? शिवाय यांच्यातल्या बऱ्याच जणांचे कान आमच्या तालमीतल्या पैलवानांसारखे मोडलेले का असतात?
– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : कानापासूनच सुरुवात करू. तुम्ही विचारलेल्या नोकरीची पहिली खूण तीच आहे. बाहेरच्या कानाला आकार देणारी कूर्चा पातळ असते आणि तिचं पोषण तिच्यावरच्या आवरणातून होतं. कान घासला, चिरडला की आवरण आणि कूर्चा यांच्या मध्ये रक्त साकळतं. ते वेळेवर काढलं नाही तर कूर्चेचं पोषण तुटतं आणि कान आक्रसून, गाठाळून कायमचा कडक होतो. पैलवानाचा कान प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर रगडून रगडून मोडतो. फॉरवर्डचा कान मोडतो तो अनेकदा आपल्याच सोबत्याच्या मांडीवर. म्हणून तर त्यांच्यातले कित्येक जण डोक्याभोवती पट्टी गुंडाळून किंवा मऊ टोपी घालून उतरतात.

सोबत्याची मांडी का, हे कळलं की त्यांचं कामही कळतं.

काम काय?

पंधरांच्या रग्बीत १ ते ८ क्रमांकाचे खेळाडू फॉरवर्ड. चेंडू मिळवायचा आणि मिळालेला टिकवायचा, ही जबाबदारी मुख्यतः त्यांची. ९ ते १५ क्रमांकाचे गडी त्या चेंडूचं पुढं काय करायचं ते बघतात. तुम्ही अंधेरीचे जे सामने पाहिलेत त्यांत स्क्रमला, म्हणजे डोकी घालून केलेल्या त्या रेटारेटीला, एका बाजूनं तीनच जण असतात, त्यामुळं तिथं पळण्याला भाव. पंधरांच्या खेळात एका बाजूचे आठ जण एकमेकांना घट्ट धरून समोरच्या आठांना भिडतात. अव्वल देशांच्या संघांत या आठांचं वजन मिळून नऊशे किलोच्या आसपास भरतं.

पहिल्या ओळीत तिघे. दोन बाजूंना प्रॉप, म्हणजे टेकू. मध्ये हूकर. त्याचे दोन्ही हात प्रॉपांच्या खांद्यांवर अडकलेले असतात आणि आत आलेला चेंडू त्याला पायानं मागं ओढायचा असतो. या दोन टेकूंतही फरक आहे. १ क्रमांकाच्या प्रॉपचं डोकं एका बाजूनं मोकळं राहतं. ३ क्रमांकाच्या प्रॉपचं डोकं समोरच्या संघातल्या दोघांच्या मध्ये अडकतं आणि दोघांचाही रेटा त्याच्या मानेवर नि पाठीवर येतो. संघ निवडताना आधी तीन नंबरचा प्रॉप घ्या, मग त्याचा बदली खेळाडू, असं रग्बीत पूर्वापार सांगतात. दुसऱ्या ओळीत दोघे लॉक, संघातले सर्वांत उंच. ते पहिल्या ओळीतल्यांच्या मांड्यांमध्ये डोकं घालून मागून रेटतात. अनेकांचे कान मोडतात ते इथंच. उरलेले तिघे म्हणजे दोन फ्लँकर आणि आठ नंबर. स्क्रम सुटला की यांनी सर्वांआधी धावून जिथं कुणी पडलं असेल तिथं पोचायचं.

चेंडू रेषेबाहेर गेला की लाइनआउट लागतो. हूकर रेषेवरून चेंडू सरळ आत फेकतो, लॉकला दोघे जण मांड्यांना धरून वर उचलतात आणि तो हवेत चेंडू झेलतो. कुणी, कधी, कुठं उडी मारायची हे सांकेतिक शब्दांत ठरलेलं असतं. ऐंशी मिनिटांत असे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. मधल्या वेळात अंगावर धावून येणाऱ्याला पाडायचं, पडलेल्या सोबत्यावरून प्रतिस्पर्धी हटवायचे, उठायचं आणि पुढच्या ढिगाकडं पळायचं. एखादा फ्लँकर एका सामन्यात पंधरा-वीस जणांना पाडतो. गुणफलकावर यातलं काहीच चढत नाही.

याचं उत्तम उदाहरण जेसन लेनर्ड. लंडनच्या बार्किंग भागातला हा प्रॉप इंग्लंडकडून ११४ कसोटी सामने खेळला. एवढ्या सामन्यांत त्यानं ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडं जमिनीला टेकवला, एकदाच, १९९६ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध. ट्रायचे पाच गुण, म्हणजे सगळी कारकीर्द मिळून पाच गुण. त्याच संघातल्या, पायानं गुण मिळवणाऱ्या जॉनी विल्किन्सननं ९१ सामन्यांत १,१७९ गुण केले. विल्किन्सनचं कर्तृत्व मोठंच आहे. पण त्याच्या पायाशी चेंडू पोचला तो लेनर्डसारख्यांनी मान वाकवल्यामुळं, आणि म्हणूनच फॉरवर्डची कारकीर्द गुणांत मोजता येत नाही.

याला पगार कधीपासून?

फार जुनी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उत्तर इंग्लंडमधले बरेच खेळाडू खाणीत, गिरणीत राबणारे होते. शनिवारी सामन्याला गेलं की कामावर खाडा पडायचा आणि पगार कापला जायचा. तेवढी बुडालेली रोजी क्लबनं भरून द्यावी, इतकीच त्यांची मागणी होती. खेळ हौसेखातरच खेळायचा, असं म्हणून रग्बीच्या धुरीणांनी ती फेटाळली. ऑगस्ट १८९५ मध्ये उत्तरेतले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. आज जिला रग्बी लीग म्हणतात तिचा जन्म तिथला. मागं राहिलेल्या रग्बी युनियननं पैसे न देण्याचा नियम पुढं शंभर वर्षं पाळला.

त्या शंभर वर्षांत मोठमोठ्या फॉरवर्डांना पोटासाठी दुसरं काहीतरी करावंच लागलं. न्यूझीलंडचा लॉक कॉलिन मीड्स मेंढपाळ शेतकरी होता. १९५७ ते १९७१ या काळात तो ५५ कसोटी सामने खेळला. वेल्सचा सत्तरच्या दशकातला हूकर बॉबी विंडसर पोलाद कारखान्यात कामाला होता. आपला लेनर्ड सुतार. अखेर २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमध्ये रग्बी युनियननं पैशाचं दार उघडलं. तोवर लेनर्डची इंग्लंडकडून पाच वर्षं खेळून झाली होती आणि १९९२ मध्ये मानेवर मोठी शस्त्रक्रियाही झाली होती. त्याच वर्षी तो परत मैदानात उतरला. पुढं २००४ पर्यंत खेळला. म्हणजे त्याच्या कारकिर्दीचा एक पाय बिनपगारी काळात आणि एक पगारी काळात.

पगार आला आणि अंग बदललं. पूर्वी दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येणारा गडी आता सकाळपासून व्यायामशाळेत असतो. माणसं वजनदार झाली, वेगवान झाली आणि धडकही त्या मानानं वाढली.  या नोकरीचं भलं नि बुरं दोन्ही त्या पॅरिसच्या निर्णयातून निघालं.

नोकरी मिळते कशी?

व्यावसायिक क्लब सोळा-सतरा वर्षांची मुलं हेरून आपल्या अकादमीत घेतात. तालमीत वस्ताद पोरगं आलं की आधी त्याची मान, खांदे, मांड्या बघतो, तसंच इथंही. मग कितीतरी महिने मान बळकट करायची, पाठ योग्य ठेवून रेटायला शिकायचं. पहिल्या ओळीत कुणालाही उभं करता येत नाही. तिथला खेळाडू त्या जागेसाठी तयार केलेला असलाच पाहिजे, असा नियमच आहे. असे तयार खेळाडू उरले नाहीत तर स्क्रम नुसता नावापुरता, रेटा न लावता घ्यावा लागतो. चुकीच्या माणसाची मान तिथं मोडू शकते, म्हणून ही काळजी.

पुष्कळांची जागा वयाबरोबर बदलते. वेल्सचा ॲलन विन जोन्स जून २००६ मध्ये अर्जेंटिनात पहिली कसोटी खेळला तो फ्लँकर म्हणून, नंतर कायमचा लॉक झाला. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन नॉर्थॅम्प्टन क्लबात फ्लँकर म्हणून आला. तिथं त्याला हूकर बनवलं गेलं. धावणं, पाडणं त्याला येतच होतं. लाइनआउटची फेक मात्र मुळापासून शिकावी लागली, आणि त्या वेळी सगळं मैदान थांबून एकट्या फेकणाऱ्याकडं बघत असतं. या थॉम्पसनचं नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत यायचं आहे.

करार बहुधा दोन-तीन वर्षांचा. आठवड्याचा क्रमही ठरलेला. सामन्यानंतरचा दिवस अंग सावरायला, मग चित्रफिती पाहून चुका शोधायच्या, मधल्या दिवसांत स्क्रम आणि लाइनआउटचा जड सराव, सामन्याच्या आदल्या दिवशी हलकी उजळणी. वर्षातले कितीतरी महिने हेच चक्र. कराराच्या शेवटच्या वर्षी गुडघा गेला तर पुढचा करार मिळेलच असं नाही. क्लबही अमर नसतात. २०२२-२३ च्या एकाच मोसमात इंग्लंडच्या सर्वोच्च गटातले वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब आर्थिक अडचणींनी कोसळले आणि चालू करारांचे खेळाडू रस्त्यावर आले.

टिकते किती वर्षं?

जास्तीत जास्त किती, याचं उत्तर ॲलन विन जोन्सकडं आहे. वेल्सकडून १५८ आणि ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाकडून १२, असे १७० कसोटी सामने तो खेळला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यानं न्यूझीलंडचा फ्लँकर रिची मॅकॉ याचा १४८ सामन्यांचा विक्रम मागं टाकला. २००८, २०१२ आणि २०१९ या तीन वर्षी युरोपातल्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकून वेल्सनं ग्रँड स्लॅम मिळवला, तेव्हा तिन्ही वेळा तो संघात होता. जून २०२१ मध्ये लायन्सचा कर्णधार म्हणून एडिंबरोला जपानविरुद्ध खेळताना त्याचा खांदा निखळला. दौरा संपला असंच सगळ्यांनी धरलं. तीन आठवड्यांत तो दक्षिण आफ्रिकेत मैदानावर होता आणि तिन्ही कसोट्या खेळला. तेव्हा त्याचं वय ३५ होतं. वेल्सचा निरोप त्यानं २०२३ मध्ये घेतला. मधल्या काळात स्वान्सीला कायद्याची पदवीही पुरी केली, हे मला त्याच्या विक्रमाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पण विक्रम हा नियम नसतो. त्याच वेल्सचा फ्लँकर सॅम वॉरबर्टन. २०१३ आणि २०१७ अशा दोन दौऱ्यांत लायन्सचा कर्णधार. मान आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर शरीर साथ देईना, म्हणून २०१८ मध्ये वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी त्यानं खेळ सोडला. दोघे एकाच संघात, एकाच कष्टाचे. एकाला सतरा वर्षं मिळाली, दुसऱ्याला त्याच्या जेमतेम निम्मी. सर्वसाधारणपणे प्रॉप उशिरा पिकतात, पंचविशीनंतर त्यांचा खरा कस लागतो आणि पस्तिशीपर्यंत ते चालतात. सतत धावून धडकणाऱ्या फ्लँकरची चाकं लवकर झिजतात.

या झिजेचा हिशोब प्रशिक्षकही आता उघडपणे मांडतात. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेनं आठ बदली खेळाडूंपैकी सात फॉरवर्ड ठेवले. कारखान्यात पाळी बदलते तसे दमलेले बाहेर आणि ताज्या दमाचे आत. न्यूझीलंडला त्यांनी १२–११ असं एका गुणानं हरवलं.

सुटल्यावर काय होतं?

हे सांगायला आधी सिडनीला जाऊ. २२ नोव्हेंबर २००३, विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. ऐंशी मिनिटं बरोबरीत संपली. जादा वेळेत ३५ वर्षांच्या लेनर्डला मैदानात आणलं गेलं, कारण स्क्रममध्ये इंग्लंडला सारखे दंड होत होते. जादा वेळही संपत आली तरी १७–१७ अशी बरोबरीच. शेवटच्या मिनिटाच्या तोंडावर इंग्लंडला लाइनआउट मिळाला. थॉम्पसननं चेंडू सर्वांच्या डोक्यांवरून, अगदी शेवटच्या टोकाला फेकला. अशी लांब फेक चुकण्याचा धोका सर्वांत मोठा. टोकाला फ्लँकर लुइस मूडीनं झेप घेऊन तो झेलला. दोन धडका झाल्या, मग कर्णधार लॉक मार्टिन जॉन्सन चेंडू पोटाशी धरून मुद्दाम गर्दीत घुसला, की तेवढ्यात मागच्यांना जागा घेता यावी. चेंडू बाहेर आला, विल्किन्सननं उजव्या, म्हणजे त्याच्या दुय्यम पायानं तो खांबांमधून मारला. २०–१७.

जगानं तो पाय लक्षात ठेवला. फेक, झेल आणि घुसणं, ही तीन कामं तीन फॉरवर्डांची.

थॉम्पसन इंग्लंडकडून ७३ सामने खेळला. मानेच्या इजेमुळं २००७ मध्ये निवृत्त झाला, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर परत आला आणि २०११ मध्ये मानेनंच त्याला पुन्हा थांबवलं. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, आपल्याला अकाली स्मृतिभ्रंश झाल्याचं त्यानं जाहीर केलं. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या दणक्यांशी त्याचा संबंध असल्याचं निदान होतं. सिडनीचा अंतिम सामना खेळल्याचं त्याला आठवत नाही. चित्रफितीत तो स्वतःला ती फेक करताना पाहतो, तुम्ही-आम्ही पाहतो तशीच.

ती फेक झेलणाऱ्या मूडीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याला मोटर न्यूरॉन आजार झाल्याचं सांगितलं. या एका माणसाच्या आजाराचं खापर खेळावर फोडता येणार नाही, तसा माझा हेतूही नाही. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र थॉम्पसन एकटा नाही. त्याच्यासह अनेक माजी खेळाडूंनी खेळाच्या नियामक संस्थांविरुद्ध दावा केला आहे. डोक्याच्या इजांपासून आम्हाला पुरेसं जपलं गेलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण बेशुद्ध पाडणारा एखादा मोठा दणकाच तेवढा वाईट, ही समजूत आता मागं पडली आहे. दररोजच्या सरावातले छोटे छोटे धक्केही मेंदूत साठत जातात, आणि फॉरवर्डच्या कामात असे धक्के सर्वांत जास्त.

खेळ काहीच करत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१३ पासून स्क्रममध्ये दोन्ही फळ्यांनी लांबून येऊन आदळणं बंद झालं. आता आधी एकमेकांना धरायचं, मग रेटायचं. त्यामुळं सुरुवातीच्या धडकेचा जोर बराच कमी झाला. डोक्याला मार बसल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर काढून तपासतात. २०२१ मध्ये जागतिक संघटनेनं पूर्ण धडकेचा सराव आठवड्याला पंधरा मिनिटांपुरता ठेवण्याची शिफारस केली. २०२४ पासून वरच्या दर्जाच्या सामन्यांत दातांवरच्या संरक्षक पट्टीत धडकेचा जोर मोजणारं यंत्र आलं. हे सगळं थॉम्पसनच्या पिढीसाठी उशिरा आलं. आज अकादमीत शिरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलासाठी ते काटेकोरपणे पाळलं जावं, असं मला मनापासून वाटतं. पंधरा मिनिटांची शिफारस कागदावर राहिली तर तिचा काही उपयोग नाही.

बाकीच्यांचं पुढं काय झालं, तेही सांगतो. लेनर्ड इंग्लंडच्या रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला. मॅकॉ हेलिकॉप्टर चालवतो. वॉरबर्टन समालोचन करतो. नाव न झालेले शेकडो जण गुडघ्यात, मानेत दुखणं घेऊन तिशीत नवा धंदा शिकायला बसतात. आखाडा सुटलेल्या पैलवानासारखंच त्यांनाही शंभर-सव्वाशे किलोंचं अंग उतरवावं लागतं. मेहनत थांबते, भूक थांबत नाही. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

नातवाबरोबर पुढचा सामना बघाल तेव्हा एक करून पाहा. पहिली दहा मिनिटं चेंडूकडं बघू नका. ३ क्रमांकाचा गडी हेरा आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवा. तो किती वेळा वाकतो, किती वेळा पडतो, पडल्यावर किती लवकर उठतो, हे दोघांनी मिळून मोजा. त्याच्या नावावर त्या दिवशी बहुधा एकही गुण लागणार नाही. मग नातवाला सिडनीच्या त्या शेवटच्या मिनिटाची चित्रफीत दाखवा, आणि विल्किन्सनचा पाय यायच्या आधी, फेक होते तिथं थांबवा. फेकणाऱ्याचं नाव स्टीव्ह थॉम्पसन, हे त्याला सांगा.